थोरलीच्या सासरी, दिल्लीला

दिल्लीहून आल्यापासून गिरणीत दळण घेऊन गेलं की बायका विचारतात, "काय काय पाहिलंस गं दिल्लीला?" चारचौघींसमोर बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. मी "चांगली आहे दिल्ली" एवढंच म्हणते आणि पिठाचा डबा उचलून निघते. सांगायचं होतं ते सगळं मग वाटेत आठवतं. म्हणून दुपारी घरात कोणी नसताना लिहून काढायचं ठरवलं. माझी शाळा चौथीतच सुटली, पण आमच्या बाई रोज शुद्धलेखन घालायच्या, त्यामुळे हात अजून चालतो.

खरं तर आम्ही दिल्ली पाहायला गेलोच नव्हतो. आम्ही मूळ म्हणून गेलो होतो. सासरी नांदणाऱ्या लेकीला पंचमीच्या आधी आणायला माहेरचं माणूस जातं ना, तसं. लेक आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आणि लेक दगडाची.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे. आता चहूबाजूंनी कंपन्या झाल्या आहेत, पण मी लग्न होऊन आले त्याच्याही आधी तिथे आमचं शेत होतं. शेतात विहीर खणताना एक देवी निघाली. आत्याबाईंनी तिला स्वतःच्या हातांनी धुतलं, शेंदूर लावला, गोठ्याशेजारी मांडव घालून बसवलं. मग सरकारी माणसं आली. मूर्ती फार जुनी आहे, देशाची ठेव आहे म्हणाली, आणि जीपमध्ये घालून घेऊन गेली. आत्याबाईंनी तिची खणानारळानं ओटी भरली आणि जीप दिसेनाशी होईपर्यंत रडल्या. त्यांना तीन मुलगे, पोटची लेक नाही. तेव्हापासून त्या देवीला "माझी थोरली" म्हणतात. ती विहीर बुजली, तिथं आता कंपनीचं पार्किंग आहे. थोरली मात्र आमच्या घरातून गेली नाही. दर पंचमीला तिचं नाव निघतंच.

यंदा माझ्या मुलीनं, सायलीनं, मोबाइलवर शोधून काढलं की ती देवी दिल्लीच्या मोठ्या सरकारी म्युझियममध्ये आहे. तिनं फोटो दाखवला. नुसता चेहऱ्याचा होता. आत्याबाईंनी मोबाइल डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"वाळलीय," त्या म्हणाल्या.

"आजी, दगड कसा वाळेल?"

"तुला काय कळतंय. लेकीचं तोंड बघून आईला कळतं." मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "नामा, माझं गुडघं हायेत तवर मला घिऊन चल. नीट नांदतीया का न्हाई ती एकदा डोळ्यांनी बघते. मंग माझं काय व्हायचं ते हू दे."

ह्यांनी कंपनीत शिफ्ट बदलून रजा काढली. सायलीनं तिकिटं काढली. आत्याबाईंनी दुरडीभर शिदोरी केली: करंज्या, सांजोऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. वरून हिरवा खण झाकला. रेल्वेत ती दुरडी खिडकीपाशी बसली आणि आम्ही दाटीवाटीनं. ह्यांचा हात दोनदा खणाखाली गेला, दोन्ही वेळा आत्याबाईंनी झोपेतच चापट मारली.

सोमवार

धर्मशाळेत आंघोळी करून आम्ही सकाळीच म्युझियमपाशी पोचलो. फाटक बंद. पहारेकऱ्यानं सांगितलं, सोमवारी सुट्टी.

"देवांना सुट्टी?" आत्याबाईंना हे पटेना.

"आये, कंपनीला वीकली ऑफ असतो का न्हाई?" हे म्हणाले. "आपल्याकडं गुरुवारी, हितं सोमवारी."

हे त्यांना लगेच पटलं. चाकणला गुरुवारी कंपन्या बंद असतात, बाजार त्या दिवशी भरून वाहतो. "मंग सुट्टीच्या दिवशी सोयऱ्यांच्या दारात जाऊ नये. झोपल्याली असत्यात," असं म्हणून त्यांनी रिक्षावाल्याला परत वळायला सांगितलं. उद्या मंगळवार, देवीचा वार, हे त्यांना वाटेत आठवलं. मग जणू सगळं त्यांनीच ठरवून केलं होतं.

अख्खा दिवस मोकळा मिळाला, म्हणून थोडी दिल्ली पाहिली ती सांगते. रस्ते इतके रुंद की पलीकडे जाईपर्यंत मनात दोनदा देवाचं नाव घेऊन होतं. झाडं भरपूर. आमच्या चाकणच्या चौकातल्यासारखे कंटेनर कुठे अडलेले दिसले नाहीत, त्यामुळे ह्यांना करमेना. मेट्रोचं नवल वाटलं नाही, पिंपरीला मेट्रो झाली तेव्हा आम्ही हौसेनं बसून आलो होतो. पण दिल्लीतली मेट्रो खूप खोल आहे. सरकत्या जिन्यावर आत्याबाईंनी वाकून खाली पाहिलं आणि पायरीवर सरळ मांडी घातली. मागचा माणूस "माताजी, माताजी" करत राहिला. खाली पोचल्यावर आम्ही दोघांनी त्यांना काखेत हात घालून उचललं. त्या म्हणाल्या, "विहिरीत उतरताना उभ्यानं उतरत्यात व्हय?"

दुपारी छोले-भटुरे खाल्ले. भटुरा म्हणजे आपल्या पुरीचा थोरला भाऊ, ताटात मावत नाही. आत्याबाईंनी बोट खुपसून त्यातली वाफ काढली आणि म्हणाल्या, "वारंच खायला देत्यात." आमटीला तिखट म्हणून नाही, नुसता मसाल्याचा वास. लोणचं मागितलं तर गाजराचं आलं. पण ताक फार चांगलं, मोठ्या पेल्यात आणि वर साय. आमच्याकडे पाहुण्याला इतक्या सायीचं ताक दिलं तर घरातली माणसं रुसतील.

दिल्लीत सगळं बोलणं हिंदीत, आणि ते मलाच करायचं होतं. ह्यांची हिंदी सुपरवायझरशी बोलण्यापुरती, "जी सर" आणि "हो जाएगा सर". माझी त्यापेक्षा जास्त आहे, पण तिचं एक अवघड आहे. आमच्या चाळीच्या खोल्या बिहारच्या मुलांना भाड्यानं दिल्या आहेत. मी हिंदी शिकले ती त्यांच्याशी बोलून. एरवी मी कोणाशी बोलत नाही, पण टाकीतलं पाणी वाहून जाताना दिसलं की तोंड उघडावंच लागतं. त्यामुळे "मोटर बंद करो", "कचरा उधर मत डालो", "कितनी बार बताया" एवढं मला सराईतपणे येतं. प्रेमानं बोलायची हिंदी मला कोणी शिकवलीच नाही.

मंगळवार

फाटक उघडलं होतं. आत जाताना मशीनमधून सामान जातं. दुरडी पाहून तिथल्या माणसानं हात आडवा केला. खायचं आत न्यायचं नाही, पाण्याची बाटलीही नाही, नारळ तर नाहीच. लॉकरमध्ये ठेवा म्हणाला.

"लेकीची शिदोरी काय पायताणासारखी कपाटात ठिवू?" आत्याबाई कडाडल्या.

शेवटी हे बाहेर हिरवळीवर दुरडी, बाटली आणि नारळ घेऊन बसले. बसताना त्यांचा चेहरा मला जरा जास्तच समाधानी वाटला. आत्याबाईंनाही वाटला असावा. त्यांनी खणाची गाठ आणखी एकदा आवळली.

राहिलो आम्ही दोघी. आता कोणाला काही विचारायचं तर मीच विचारायचं होतं.

आत थंडगार आणि अंधूक. एकेका मूर्तीवर वेगळा दिवा. मला वाटलं होतं म्युझियम म्हणजे जुनं सामान ठेवलेली मोठी खोली. पाहिलं तर दालनामागून दालनं, आणि सगळीकडे देव. एवढे देव एका छपराखाली मी जन्मात पाहिले नव्हते. नाक गेलेले, हात गेलेले, तरी चेहरे शांत. एक नाचणारी बाई होती, तिच्या कमरेच्या साखळीचा मणी न् मणी मोजता येईल असा. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि आपोआप पदर नीट केला.

दाराशीच आत्याबाईंनी चपला काढल्या. काढून हातात घ्यायच्या तर देवांपुढे चपला नेणं आलं, म्हणून भिंतीपाशी ठेवल्या. मीही काढल्या. मग त्यांनी पहिल्या देवापासून सुरुवात केली. एकही चुकवायचा नाही. काचेच्या पेटीतले असतील तर काचेला कपाळ टेकवायचं. दालनातून बाहेर पडताना देवांना पाठ दाखवायची नाही, म्हणून उलट्या पावली चालायचं. शाळेची सहल आली होती, त्या मुलींनी आम्हाला वाट करून दिली आणि त्यातल्या दोघी-तिघी आमच्यासारख्याच उलट्या चालायला लागल्या.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, आमच्या मागे गणवेशातली एक बाई चालते आहे. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात आमच्या चपला. आत्याबाईंच्या कपाळाचं कुंकू प्रत्येक काचेवर उमटत होतं आणि ती पुसत येत होती.

"ये आपकी हैं?" तिनं चपला पुढे केल्या.

 माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "उधर मत डालो."

बाईनं भुवया वर केल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्याबाईंचं नको-नको न ऐकता मी चपला घेऊन दोघींच्या पायांत घातल्या, सायलीनं दिलेला फोटो मोबाइलवर उघडला आणि तिच्यापुढे धरला. मग एका दमात बोलले, "ये हमारी है. हमारे खेत में से आई. इसको किधर रखा है? कितनी बार पूछने का?" खरं तर मी एकदाही विचारलं नव्हतं.

ती हसली. तिचं नाव कमलेश, गाव हरियाणातलं. फोटो पाहून म्हणाली, "ये तो ऊपर है. मैं रोज़ इसी के पास बैठती हूँ."

मी आत्याबाईंना सांगायला वळले, तर त्या बाकावर बसलेल्या. चेहरा पांढराफटक. दिल्लीत श्रावणातलं ऊन चिकट असतं, सकाळपासूनची दगदग, वर सगळ्या देवांपुढे वाकणं. ओठ कोरडे पडले होते. कमलेशनं धावत जाऊन कूलरचं पाणी आणलं. आत्याबाईंनी पेला हातानं बाजूला सारला.

"आत्याबाई, घोटभर घ्या."

"न्हाई."

"चक्कर येईल हो."

"येऊ दे. हे लेकीचं घर हाय. लेकीला मूल हुईस्तवर तिच्या घरचं पाणी घ्यायचं नसतं. तुझ्या आईनं घेतलं व्हतं का आमच्या घरचं?"

नव्हतं घेतलं. सायली होईपर्यंत माझी आई आमच्या ओट्यावर बसायची आणि शेजारणीकडचं पाणी प्यायची. पण इथं शेजारीण कुठून आणू? मी म्हटलं, बाहेर जाऊन आपली बाटली घेऊ. तर म्हणाल्या, बाहेर जाऊन परत आत यायला या गुडघ्यांत जीव नाही. एकदा भेटेन, मग बाहेर जाईन. तोवर थेंब नको.

मला भीती वाटायला लागली. घरापासून इतक्या लांब, परक्या गावात, त्यांना काही झालं तर? आणि त्यांना ओढून बाहेर नेलं तर भेट राहणार, ती जन्माची राहणार.

कमलेश विचारत होती, "क्या हुआ? पीती क्यों नहीं?" मी माझ्या हिंदीत सांगायला लागले. शब्द सापडेनात, तरी सांगितलं. देवी इनकी लड़की. ये उसका ससुराल. लड़की के घर का पानी बंद.

मला वाटलं ही आता साहेबाला बोलावणार, दोन खुळ्या बायका आल्यात म्हणून. कमलेश मात्र आत्याबाईंजवळ खाली उकिडवी बसली. "अम्मा, हमारे यहाँ भी यही है," ती म्हणाली. तिचा बाप तिला भेटायला येतो तेव्हा गावाहून पाण्याची बाटली घेऊन येतो आणि दारातल्या खाटेवर बसून पितो. मुलं मोठी झाली तरी तेच. "आपके यहाँ कब तक?"

"बच्चा होने तक," मी म्हटलं.

कमलेशनं एकदम माझ्याकडे पाहिलं. मग हातातलं फडकं तोंडावर दाबून खुदखुदायला लागली. "फिर तो जल्दी चलो, अम्मा," म्हणाली. एका बाजूनं तिनं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आणि लिफ्टनं आम्ही वर गेलो.

थोरली कोपऱ्यात एका चौथऱ्यावर बसली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते, तरी ओळखू आली, आत्याबाईंनी इतक्या वर्षांत तिचं एवढं वर्णन केलं होतं. रुंद कपाळ, खालच्या ओठाशी जरासं हसू. अंगावर शेंदराचा ठिपकासुद्धा नाही. दगड काळाभोर, तुळतुळीत.

आत्याबाईंनी आमचे हात सोडवले आणि एकट्या पुढे गेल्या.

"आले गं," त्या म्हणाल्या. "उशीर झाला."

कितीतरी वेळ नुसतं तोंडाकडेच पाहत होत्या. मग आई लेकीला पाहते तसं एकेक पाहायला लागल्या. गळ्यातलं आहे. हातातलं आहे. अंग स्वच्छ आहे. "न्हाऊमाखू घालत्यात वाटतं," मला म्हणाल्या. आणि मग त्यांची नजर खाली गेली.

थोरलीच्या डाव्या मांडीवर एक मूल बसलं होतं. गुटगुटीत, एका मुठीत आईच्या गळ्यातली माळ धरून ओढत होतं.

आत्याबाई माझ्याकडे वळल्या, कमलेशकडे पाहिलं, पुन्हा मूर्तीकडे.

"अगं बया," त्या म्हणाल्या, "कवा झालं? कळवायचं तरी!"

कमलेशनं मला सांगितलं आणि मी त्यांना. मूर्ती इथं आली तेव्हा गळ्याखालून थेट मांडीपर्यंत चुन्याच्या दगडाचा जाड थर चिकटलेला होता. आमच्याकडे सगळ्यांना तो नुसता धोंडाच वाटला. इथल्या माणसांनी तो हळूहळू, कित्येक महिने कोरून काढला, आणि आतून हे निघालं. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, मातृका. खाली, पुणे जिल्हा.

मी हे सांगत होते, पण आत्याबाईंचं लक्ष नव्हतं. "नाक आईवर गेलंय," त्या म्हणाल्या. "आन् बाळंतविडा न्हाई, टोपडं न्हाई, आम्ही आपल्या करंज्या घिऊन आलो. सोयरे काय म्हणले असतील?" त्यांनी कमरेची हळदीकुंकवाची पुडी काढली. कमलेश गडबडीनं आडवी आली. "अम्मा, हाथ नहीं लगाना."

आत्याबाई थांबल्या. त्यांनी हात पुढे करून लांबूनच माय-लेकरांवरून ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. सगळ्या दालनात आवाज घुमला. पुडीतलं कुंकू त्यांनी कमलेशच्या कपाळाला लावलं. "तू तिच्याजवळ रोज बसतीस नव्हं? लक्ष ठिव. पोरगं वढाळ दिसतंय."

मला वाटलं आता त्या पंचमीचं काढणार, आणि तिला घेऊन जायचंय हे मला हिंदीत सांगावं लागणार. मी मनातल्या मनात शब्द जुळवायला लागले. पण त्या म्हणाल्या, "न्यायला आले व्हते गं तुला. पर लेकुरवाळी झालीस, आता घर टाकून कुठं येतीस. ऱ्हा हितंच. बरं चाललंय तुझं." मग पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "बघती काय अशी? पाणी आण की. घसा सुकला माझा."

कमलेश कूलरकडे पळाली. आत्याबाईंनी पहिला पेला एका घोटात रिकामा केला, दुसरा सावकाश. तिसरा मला दिला. "तूबी पी. तुझ्या नणंदेचं घर हाय."

खाली येऊन हिरवळीवर दुरडी सोडली. कमलेशची ओटी आत्याबाईंनी तिथंच भरली, तोच नारळ आणि तोच खण. शिदोरी फाटकावरच्या सगळ्यांना वाटली, दुरडीला हात आडवा करणाऱ्यालासुद्धा. त्यानं चटणी चाखली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठसकला. करंज्या जरा कमी भरल्या. हे आकाशाकडे पाहत होते.

मी आवराआवर करायला लागले तर आत्याबाई म्हणाल्या, "कुठं निघालीस? सोयऱ्यांच्या दारातनं जेवल्याबिगर जायचं व्हय?" त्यांना म्युझियमच्या कँटीनमध्येच जेवायचं होतं. आम्ही तिघं तिथं बसलो. राजमा आणि भात आला. भात गार होता, राजम्यात मिठाचा पत्ता नव्हता. आत्याबाई जेवणाला नावं ठेवण्यात कोणाला ऐकत नाहीत. माझ्या हातच्या आमटीला त्यांनी आजवर एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. मी वाट पाहत होते.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "आये, ह्याला चवच न्हाई गं."

"गप खा," आत्याबाई म्हणाल्या आणि आणखी एक वाटी मागवली. "लेकीच्या घरचं हाय."